दुसरी वही : ओरेगनने खरेदीमागचा धूर मोजायला घेतला त्याची गोष्ट

जून २०२३, ओरेगन राज्याची राजधानी सेलम. अधिवेशन संपायला जेमतेम दहा दिवस उरले होते आणि सिनेटचं काम सहा आठवडे ठप्प राहून नुकतंच सुरू झालं होतं. ३ मेपासून बहुतेक रिपब्लिकन सदस्य सभागृहात फिरकलेच नव्हते. या सिनेटमध्ये सदस्य ३० आणि गणपूर्तीला लागतात २०. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत निम्म्याहून एक जास्त असला की भागतं; ओरेगनमध्ये दोन तृतीयांश हजर नसले तर काहीच हलत नाही. त्यामुळे अल्पमतातल्या पक्षाला भाषण न करता, मत न देता, नुसतं घरी बसून विधेयक अडवता येतं. २०१९ मध्ये कार्बन-मर्यादेच्या विधेयकावरून ११ सिनेटर थेट राज्याबाहेर निघून गेले होते. २०२३ चा वाद गर्भपात आणि बंदुकांवरून होता, पण अडकून पडलं सगळंच.

१५ जूनला तडजोड झाली आणि साठलेलं काम भराभर उरकायला सुरुवात झाली. हवामानासंबंधीची कितीतरी सुटी विधेयकं दोनच गाठोड्यांत बांधली गेली. त्यातलं एक हाऊस बिल ३४०९. मोठ्या व्यापारी इमारतींच्या ऊर्जावापराचे निकष, शहरातली झाडं, जंगल आणि शेतजमिनीत कार्बन साठवणं, राज्याच्या ‘जागतिक तापमानवाढ आयोगा’चं नाव बदलून ‘हवामान कृती आयोग’ करणं, असं बरंच काही त्यात होतं. याच गाठोड्यात एक बिनआवाजी तरतूद होती. राज्यातल्या लोकांच्या उपभोगामुळे जगात कुठेही जे हरितगृह वायू बाहेर पडतात त्यांची मोजदाद पर्यावरण गुणवत्ता विभागाने अद्ययावत करायची, आणि ते कमी करण्याच्या संधी कुठे आहेत याचा अहवाल विधिमंडळाला द्यायचा.

या तरतुदीने कर लावला नाही, बंदी घातली नाही, उद्दिष्टही ठरवलं नाही. मोजा आणि सांगा, एवढंच. तिच्याकडे दुर्लक्ष होणं साहजिक होतं. मला मात्र त्या गाठोड्यातला सगळ्यात लांबचा धागा हाच वाटतो. कारण ‘आपलं उत्सर्जन’ म्हणजे नेमकं कुणाचं, हा प्रश्न बहुतेक हवामान कायदे न विचारताच पुढे जातात, आणि इथे तो निदान कायद्याच्या कागदावर आला.

आधी नेहमीची वही काय म्हणते ते पाहू. बहुतेक देश आणि राज्यं आपल्या हद्दीत बाहेर पडलेला वायू मोजतात : गाड्यांच्या धुराड्यातून, कारखान्यांच्या चिमणीतून, गोठ्यातून, कचराभूमीतून. ओरेगनच्या भाषेत ही ‘क्षेत्रनिहाय’ मोजदाद. २००७ च्या हाऊस बिल ३५४३ ने राज्याला जी उद्दिष्टं दिली, म्हणजे २०२० पर्यंत १९९० च्या पातळीपेक्षा १० टक्के खाली आणि २०५० पर्यंत ७५ टक्के खाली, ती याच वहीवर तपासली जातात. पुढे मार्च २०२० मध्ये गव्हर्नर केट ब्राउन यांच्या आदेशाने ती कडक झाली, २०३५ पर्यंत ४५ आणि २०५० पर्यंत ८० टक्के. वही तीच राहिली.

दुसरी वही वेगळा प्रश्न विचारते. चिमणी कुठे आहे ते राहू दे, तिच्यातून निघालेली वस्तू शेवटी कोणी विकत घेतली? हद्दीतल्या उत्सर्जनातून बाहेर विकलेल्या मालाचं उत्सर्जन वजा करा, बाहेरून आणलेल्या मालाचं मिळवा. ‘विकत घेणारे’ म्हणजे तीन गट : घरं, सरकार, आणि यंत्रं-इमारतींत पैसे गुंतवणारे धंदे. कच्चा माल म्हणून जे विकत घेतलं जातं ते पुढच्या वस्तूच्या खाती चढत जातं, त्यामुळे मधल्या कुणाच्या नावावर काही उरत नाही.

पोर्टलंडमधल्या एका घराने फ्रिज घेतला असं धरू. पहिल्या वहीत त्याची नोंद फार थोडी होते : घरात चालताना तो जी वीज खातो ती, आणि दुकानातून घरापर्यंत त्याला आणणाऱ्या ट्रकचं डिझेल. पत्र्याचं पोलाद ज्या भट्टीत वितळलं ती राज्याबाहेर, बहुधा देशाबाहेर. आतल्या कप्प्याभोवती फेस भरला तो कारखाना बाहेर, काँप्रेसर बाहेर, जहाज तर कुणाच्याच हद्दीत नाही. या सगळ्याचा धूर पहिल्या वहीत शून्य. दुसऱ्या वहीत ही सगळी साखळी पोर्टलंडच्या त्या घराच्या नावावर चढते, शिवाय विजेचा भाग आहेच. उलटंही होतं. पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत इंटेलचे चिप बनवण्याचे प्रचंड कारखाने आहेत, आणि चिपवर सूक्ष्म नक्षी कोरताना फ्लोरिनयुक्त वायू वापरावे लागतात. त्यांची तापमान वाढवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट असते. पहिल्या वहीत ते पूर्ण ओरेगनच्या माथी. दुसऱ्या वहीत ते चिपबरोबर गाव सोडून जातात आणि लॅपटॉप जिथे विकला गेला तिथे उतरतात.

म्हणजे दुसरी वही ओरेगनला नुसती झोडपायला काढलेली नाही. ती काही ओझं उतरवते, काही चढवते. चढवते ते जास्त, एवढंच.

ही वही कायद्यामुळे सुरू झालेली नाही, आणि मला या प्रकरणातली सगळ्यात रंजक बाब तीच वाटते. ती सुरू केली पर्यावरण विभागाच्या त्या शाखेने, जिचं मूळ काम कचरा. ओरेगनला कचऱ्याचा जुना अभिमान आहे. बाटली परत केली की पैसे परत, हा कायदा अमेरिकेत सगळ्यात आधी, १९७१ मध्ये, इथे झाला. पण हवामानाची चर्चा सुरू झाल्यावर या शाखेची पंचाईत झाली. कागदाचा, धातूचा पुनर्वापर वाढवला, तर नवा कागद आणि नवा धातू कमी बनवावा लागतो आणि वायू वाचतात. ते वाचतात मात्र गिरणी किंवा खाण जिथे आहे तिथे, आणि ती बहुतेक वेळा ओरेगनबाहेर. राज्याच्या वहीत या मेहनतीचं पुण्य जवळजवळ दिसतच नव्हतं. दिसत होता तो फक्त कचराभूमीतला थोडासा मिथेन. ज्याचं काम हिशेबात येत नाही त्याला पैसेही मिळत नाहीत, हे कुठल्याही सरकारी खात्यात बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यातच २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राष्ट्रीय मोजदाद वेगळ्या पद्धतीने मांडून दाखवली : देशाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ४२ टक्के वस्तू आणि अन्न तयार करणं, नेणं, विकणं आणि टाकून देणं यांच्याशी बांधलेले आहेत. हा आकडाही देशाच्या हद्दीतला होता. आयातीतला धूर त्यात धरला तर तो आणखी चढतो. ओरेगनच्या विभागाने स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या अमेरिकेतल्या केंद्राकडून राज्यासाठी पहिला उपभोग-हिशेब करून घेतला. वर्ष २००५ चं, अहवाल २०११ चा. या सहा वर्षांच्या अंतराकडे मी नंतर येतो.

मग २०१० ची, मग २०१५ ची आवृत्ती. २०१५ च्या आकड्यांवरचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यात दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो. क्षेत्रनिहाय उत्सर्जन सुमारे ६.३ कोटी टन, उपभोगाचं सुमारे ८.९ कोटी टन. चाळीसेक टक्क्यांचा फरक. राज्याची लोकसंख्या तेव्हा ४० लाखांच्या आसपास, म्हणजे डोई २२ टन. उपभोगाच्या आकड्यातला निम्म्याहून जास्त धूर राज्याच्या सीमेबाहेर निघालेला. दोन्ही आकड्यांची बेरीज करायची नसते, कारण ओरेगनमध्ये जाळून ओरेगनमध्येच वापरलेलं इंधन दोन्हींत असतं. तरीही ती बेरीज करणारे भेटतातच. याच सुमारास पोर्टलंड शहर आणि मल्टनोमा काउंटी यांनीही आपल्या २०१५ च्या हवामान आराखड्यात असा हिशेब घातला. तिथला फरक आणखी मोठा : उपभोगाचा आकडा स्थानिक उत्सर्जनाच्या दुप्पट. शहरात कारखाने कमी आणि दुकानं जास्त, तेव्हा हे अपेक्षितच.

पण कचऱ्याच्या शाखेला खरा धक्का दुसऱ्याच एका ओळीने बसला. वस्तूच्या आयुष्याचे टप्पे पाडल्यावर दिसलं की सगळ्यात मोठा हिस्सा ती विकत घेण्याआधीचा, त्याखालोखाल वापरतानाचा, आणि टाकून देण्याचा, म्हणजे या शाखेचं ज्यावर सगळं आयुष्य गेलं त्याचा, जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. स्वतःच काढलेल्या वहीने स्वतःच्याच खात्याला सांगितलं की तू चुकीच्या टोकाला उभा आहेस. त्यांनी ते झाकलं नाही याचं मला कौतुक आहे. राज्याच्या पर्यावरण गुणवत्ता आयोगाने डिसेंबर २०१२ मध्ये जो २०५० पर्यंतचा दृष्टिकोन मंजूर केला त्यात ‘घनकचरा’ हा शब्द मागे पडून ‘साहित्य व्यवस्थापन’ पुढे आलं. वस्तू टाकल्यावर काय, याच्या जोडीला ती बनते तेव्हा काय, हा प्रश्न त्या खात्याच्या अधिकृत कामात शिरला.

आता हिशेबाच्या यंत्राबद्दल, कारण या प्रकरणात वाद घालायचा असेल तर तो तिथे घालावा. चाळीस लाख माणसांनी वर्षभरात घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा माग काढणं अशक्य. म्हणून अर्थशास्त्रज्ञ वासिली लिऑन्टिएफ यांची आवक-जावक सारणी वापरतात; याच कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. अर्थव्यवस्थेतला प्रत्येक उद्योग दुसऱ्या प्रत्येक उद्योगाकडून किती डॉलरचा माल घेतो याचा हा प्रचंड तक्ता. त्याला प्रत्येक उद्योगाचं डॉलरमागे उत्सर्जन जोडलं की शेवटच्या खरेदीच्या एका डॉलरमागे साखळीभर किती वायू निघाला ते बाहेर येतं. लोकांनी फर्निचरवर, कपड्यांवर, दवाखान्यावर किती खर्च केला हे आर्थिक आकडेवारीतून मिळतं. गुणाकार केला की झाला हिशेब.

इथेच गोम आहे. सारणीला डॉलर कळतात, किलो कळत नाहीत. एकाने ४० डॉलरचं जाकीट घेतलं आणि दर वर्षी बदललं. दुसऱ्याने २०० डॉलरचं घेऊन दहा वर्षं वापरलं. एकाच वर्षाचा हिशेब काढला तर दुसऱ्याच्या नावावर पाचपट धूर चढतो, कारण कपड्यांच्या रकान्यात एका डॉलरचा भाव एकच. दहा वर्षांचा काढला तर पहिल्याचे ४०० डॉलर आणि दुसऱ्याचे २००, म्हणजे चित्र उलटतं, पण महागड्या जाकिटात डॉलरमागे धूर मुळात कमी असू शकतो ही गोष्ट तरीही पकडली जात नाहीच. राज्यभराच्या बेरजेत हे चढउतार एकमेकांत बरेचसे मिटतात. पण जो पुरवठादार स्वच्छ विजेवर चालतो त्याच्याकडून माल घेतला तर आकडा हलत नाही, आणि तोच माल महाग झाला तर हलतो. कायद्याने मोजायला सांगितलेली गोष्ट आणि यंत्र जे मोजतं ती गोष्ट यांच्यात ही फट आहे. अशा आकड्यावर कुणा एका कंपनीला जबाबदार धरणं अन्यायाचं होईल. कुठल्या दिशेने खणायचं हे ठरवायला तो पुरेसा आहे.

खणल्यावर काय सापडलं? मला सगळ्यात आवडणारं उदाहरण घरांचं आहे. २०१० मध्ये विभागाने घरबांधणीतला कचरा कसा टाळावा याचा जीवनचक्र अभ्यास, म्हणजे साहित्य बनण्यापासून टाकून देईपर्यंतचा हिशेब, करून घेतला. त्यात पुनर्वापराचं लाकूड, टिकाऊ छप्पर, बांधकामातल्या तुकड्यांची बचत असे दोन डझनांहून अधिक उपाय तपासले. बाजी मारली ती या कशानेच नाही. घर लहान बांधा, याने मारली. आकार निम्म्यावर आणला तर घराच्या साऱ्या आयुष्यातलं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त उतरत होतं. साहित्य कमी, आणि तापवायची-थंड करायची हवाही कमी. कचऱ्याचं खातं मग घराच्या क्षेत्रफळावर बोलू लागलं. पोर्टलंडने २०१० पासून अंगणातल्या छोट्या जोडघरांवरचं विकासशुल्क माफ केलं होतं, ते मुख्यतः घरटंचाईसाठी. हवामानाचा मुद्दा त्याला पुढे चिकटला. हद्दीच्या वहीत हा मुद्दा अर्धाच दिसला असता, कारण विटा, सिमेंट, जिप्समचे पत्रे बऱ्याच अंशी बाहेरून येतात.

काँक्रीटचंही तसंच. राज्यातल्या काँक्रीट उत्पादकांबरोबर बसून विभागाने त्यांच्या मिश्रणांची पर्यावरण पत्रकं करून घ्यायला मदत केली. पर्यावरण पत्रक म्हणजे औषधाच्या खोक्यावर घटक छापतात तसं तो माल बनवताना निघालेला कार्बन लिहिलेला, त्रयस्थाने तपासलेला कागद. मग २०२२ च्या हाऊस बिल ४१३९ ने राज्याच्या वाहतूक विभागाला रस्ते-पुलांसाठीच्या काँक्रीट, डांबर आणि पोलादासाठी अशी पत्रकं मागण्याचा कार्यक्रम उभा करायला लावला. डॉलरच्या सारणीला जे दिसत नाही ते या पत्रकाला दिसतं : हे मिश्रण त्या मिश्रणापेक्षा कमी धुराचं.

वेष्टनांच्या बाबतीत तर विभागाने लोकप्रिय समजच मोडला. २०१८ च्या एका पाहणीत जुने जीवनचक्र अभ्यास एकत्र करून तपासलं, की ‘पुनर्वापरयोग्य’, ‘खत होणारं’, ‘वनस्पतीपासून बनवलेलं’ अशी विशेषणं वेष्टनाच्या एकूण पर्यावरणीय ओझ्याचा अंदाज देतात का. फारसा देत नाहीत, हे उत्तर. पुनर्वापर न होणारी हलकी पिशवी कित्येकदा पुनर्वापरयोग्य जड डब्यापेक्षा कमी धुराची निघते. २०२१ च्या सिनेट बिल ५८२ मध्ये, जो मुळात पुनर्वापराचा कायदा, याची छाप उमटली. राज्यातल्या सर्वांत मोठ्या २५ उत्पादकांनी आपल्या वेष्टनांपैकी किमान एक टक्क्याचं जीवनचक्र मूल्यमापन करून दर दोन वर्षांनी जाहीर करायचं आहे. एक टक्का हा आकडा वाचून कुणी हसेल. मीही आधी हसलो होतो. पण कुठल्या राज्याने खाजगी कंपनीला तिच्या पुरवठा साखळीतला धूर जाहीर करायला लावणं ही त्या देशात लहान गोष्ट नाही.

लहान का नाही, ते राज्यघटनेशी जोडलेलं आहे. अमेरिकेत आंतरराज्य व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे. एखाद्या राज्याने बाहेरच्या मालाला भेदभावाने वागवलं किंवा दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यावर आपले नियम लादले, तर न्यायालय तो कायदा उडवू शकतं. ‘तुमच्या वायोमिंगच्या भट्टीतून जास्त धूर निघतो म्हणून तुमचा माल आम्हाला नको’ असं ओरेगनने म्हटलं की खटला ठरलेला. पण या भिंतीला भगदाडं पडत आली आहेत. कॅलिफोर्नियाचं इंधन-मानक पेट्रोल आणि इथेनॉलचा कार्बन विहिरीपासून चाकापर्यंत मोजतं; नवव्या परिमंडळ न्यायालयाने, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, त्यावरचा हल्ला २०१३ मध्ये बराचसा परतवला आणि ओरेगनच्या तशाच स्वच्छ इंधन कार्यक्रमालाही २०१८ मध्ये उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या, बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मालालाही लागू होणाऱ्या, डुकराच्या मांसासंबंधीच्या कायद्यावर राज्याच्या बाजूने निकाल दिला तो ११ मे २०२३ ला, म्हणजे सेलममधल्या सिनेटरांचा बहिष्कार ऐन भरात असताना. तरी हाऊस बिल ३४०९ ची ही तरतूद या भिंतीजवळ गेलीच नाही. मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. मला वाटतं मसुदा लिहिणाऱ्यांनी ही वाट जाणूनबुजून निवडली असावी, आणि व्यवहारी माणूस तीच निवडेल.

उपभोगाच्या वहीवर नेहमीचा आक्षेप असा : बाहेरच्या कारखान्यांवर आपलं नियंत्रण नाही, मग तो धूर आपल्या नावावर लिहून उपयोग काय? आक्षेप पोकळ नाही. पण ओरेगनच्या पहिल्या वहीकडे नीट पाहिलं की तिनेही हद्द कधीच इमानदारीने पाळलेली नाही असं दिसतं. विजेच्या रकान्यात ती ओरेगनमध्ये वापरलेली वीज धरते, मग कोळसा वायोमिंगमध्ये जळो की युटामध्ये. म्हणूनच तर २०२१ च्या कायद्याला दोन मोठ्या वीज कंपन्यांना ग्राहकांपर्यंतची वीज २०४० पर्यंत पूर्ण स्वच्छ करायला सांगता आलं. ओरेगनमध्ये तेलशुद्धीकरणाचा एकही कारखाना नाही, पेट्रोल बहुतांश शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातून येतं. तरी स्वच्छ इंधन कार्यक्रम शुद्धीकरणाचा धूरही मोजतो. वीज आणि इंधन या दोन ठिकाणी राज्याने उपभोगाचा न्याय कधीच स्वीकारलाय. तो अन्न, घर, फ्रिज आणि जाकिटाला लावायचा म्हटलं की हद्द आठवते.

अर्थात विजेचे दोर दोन कंपन्यांच्या हाती असतात आणि जाकिटाचे लाखो हातांत. हा फरक खरा आहे. त्यामुळे या वहीतून जो धोरणाचा मार्ग निघतो तो सरकारी खरेदी, बांधकाम, अन्नाची नासाडी, वस्तूंचं आयुष्य आणि दुरुस्ती असा वळणावळणाचा असतो. विधिमंडळाला हवा असलेला ‘एक बटण’ प्रकार त्यात सापडत नाही. २०२४ मध्ये विभागाने कायद्याने मागितलेला अहवाल दिला. त्याचा बाज संधींच्या यादीचा होता, कारण मागणीच तशी होती.

माझी तक्रार कायद्याच्या मागणीशी आहे, आणि ती दोन जागी. पहिली वेळेची. २००५ चे आकडे २०११ मध्ये आणि २०१५ चे २०१८ मध्ये येत असतील, तर आमदाराला समोरच्या विधेयकाशी ते जोडता येत नाहीत. तोवर निवडणुका होऊन गेलेल्या असतात. स्कॉटलंडच्या २००९ च्या हवामान कायद्याने कलम ३७ मध्ये सरकारवर उपभोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवण्याची जबाबदारी टाकली, आणि तिथे तो आकडा दरवर्षी येतो. जुना असतो, पण नेमाने येतो आणि मागच्या वर्षीशी ताडून बघता येतो. दुसरी तक्रार तुलनेची. पहिल्या वहीला १९९० चा पाया आहे, २०३५ चा टप्पा आहे, हुकलं की हुकलं असं म्हणता येतं. २०२० चं १० टक्क्यांचं उद्दिष्ट हुकलं आणि तसं म्हटलंही गेलं. दुसऱ्या वहीत हुकण्यासारखं काही लिहिलेलंच नाही. स्वीडनमध्ये २०२२ साली सर्वपक्षीय समितीने उपभोगाच्या उत्सर्जनालाही राष्ट्रीय उद्दिष्टात घ्यावं अशी शिफारस केली होती, आठही पक्षांच्या संमतीने. शिफारशीपासून कायद्यापर्यंतची वाट तिथेही सोपी निघाली नाही, पण निदान आकड्यापुढे दुसरा आकडा ठेवण्याचा विचार झाला.

या दोन वह्या कधी एकत्र बोलतात आणि कधी वेगळ्या, हे राज्याच्या पूर्व भागात चांगलं दिसतं. कोलंबिया नदीपासून थोड्या अंतरावर बोर्डमनला ओरेगनचं एकुलतं एक कोळशाचं वीज केंद्र होतं. ते ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची चिमणी सुरुंग लावून पाडली. तिथून येणारी वीज बहुतांश ओरेगनचेच लोक वापरत होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा तो कोळसा दोन्ही वह्यांतून गेला. तिथून आग्नेयेला, बेकर काउंटीत, ड्युर्कीला राज्याचा एकमेव सिमेंट कारखाना आहे. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कितीही स्वच्छ असो. समजा ही भट्टी उद्या थंड झाली. पहिली वही त्या वर्षी मोठी घट दाखवील, आयोगाच्या अहवालात तिचा उल्लेख येईल, उद्दिष्ट जवळ आल्यासारखं वाटेल. पोर्टलंडला पूल आणि पाया लागणारच, सिमेंट रेल्वेने किंवा जहाजाने दुसरीकडून येईल, कदाचित जास्त धुराच्या भट्टीतलं. त्या वर्षी दुसऱ्या वहीतला आकडा तिथेच राहील किंवा थोडा चढेल, आणि आजच्या कायद्यात तो चढला म्हणून कुणाला काही करावं लागणार नाही.